फिल्टर घेण्याआधी: स्क्रू, चौकोनी की मॅग्नेटिक, हे ठरवायचा क्रम

नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर सूर्य कलला की दोन-तीन ट्रायपॉड हमखास उभे दिसतात, आणि त्यातल्या एकाजवळ तरी कुणीतरी लेन्सच्या तोंडाशी झटापट करत असतं. मागच्या हिवाळ्यात असाच एक कॉलेजचा मुलगा भेटला. फिल्टर तिरपा बसून घट्ट झालेला, समोर आकाश केशरी झालेलं, आणि हा कपाळ पुसत म्हणतो, "भाऊ, निघूनच नाही राह्यलं हे!" तो निघेपर्यंत उजेड गेला. बॅगेत त्याचे आणखी तीन फिल्टर होते. त्यातले दोन नव्या लेन्सला बसतच नव्हते.

त्याला हसायचा मला अधिकार नाही. मी स्वतः किट लेन्ससाठी ५८ मिमीचा सहा फिल्टरांचा संच घेतला होता. वर्षभरात ७७ मिमीची लेन्स आली आणि तो संच आजही कपाटात पडून आहे. बहुतेकांचं असंच होतं. आधी स्वस्तात मिळणारा संच येतो, मग लेन्स बदलते, आणि काय टिपायचं ते सगळ्यात शेवटी ठरतं. खालच्या पायऱ्यांत क्रम उलटा आहे: आधी लेन्स, मग काय टिपायचं ते, आणि खरेदी त्यानंतर. पहिल्या दोन पायऱ्यांत एक पैसाही खर्च होत नाही, म्हणून लोक नेमक्या त्याच गाळतात.

## पायरी १: लेन्सची यादी करा, तोंडं मोजा

कागद-पेन घ्या. तुमच्याकडे असलेल्या लेन्स लिहा आणि पुढच्या दोन वर्षांत खरोखर घ्याल अशीही एखादी लिहा. स्वप्नातली नको. प्रत्येक लेन्सपुढे तीन गोष्टी हव्यात.

पहिली, फिल्टरच्या आट्यांचा व्यास. लेन्सवर गोलाला तिरपी रेघ मारलेलं एक चिन्ह असतं, त्यापुढचा आकडा तो व्यास. बऱ्याच लेन्सच्या टोपणाच्या आतल्या बाजूलाही तो छापलेला असतो. इथे नवशिक्यांचा ठरलेला घोटाळा म्हणजे फोकल लेंग्थचा आकडाच फिल्टरचं माप समजणं. कॅननच्या ५० मिमी एफ १.८ एसटीएमला ४९ मिमीचा फिल्टर लागतो, निकॉनच्या ५० मिमी एफ १.८ जीला ५८ मिमीचा. दोन्ही "पन्नासच्या लेन्स", पण एकीचा फिल्टर दुसरीला चालत नाही.

दुसरी, सर्वांत रुंद फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सवरचा सर्वांत लहान मिमीचा आकडा. फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर) २४ मिमीपेक्षा रुंद जात असाल तर त्या आकड्याभोवती गोल करा. पुढे कोपरे काळे पडण्याची भानगड इथूनच सुरू होते.

तिसरी, फोकस करताना लेन्सचं पुढचं तोंड फिरतं का. जुन्या, स्वस्त किट लेन्समध्ये ते फिरतं. अशा लेन्सवर पोलरायझर (चकाकी काढणारा, फिरवून जुळवायचा फिल्टर) लावून कोन जुळवला आणि मग फोकस केला, की कोन गेलाच.

काही अतिरुंद लेन्सची पुढची काच बटाट्यासारखी फुगलेली असते. निकॉनची डीएसएलआरसाठीची १४-२४ मिमी एफ २.८ हे नेहमीचं उदाहरण. तिला पुढे आटेच नाहीत. यादीत अशी लेन्स असेल तर तिचा वेगळा कप्पा करा. तिच्यापायी बाकीच्या सगळ्या लेन्सना महागडी सिस्टम, म्हणजे फिल्टर बसवायची पद्धत, लावू नका.

तपासा: यादीतला सर्वांत मोठा व्यास कोणता? तो अधोरेखित करा. मात्र वन्यजीवांसाठीच्या ९५ मिमी तोंडाच्या मोठ्या टेली लेन्स, म्हणजे सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी किंवा निकॉनची २००-५००, या हिशेबातून बाहेर ठेवा. कारण पुढच्या पायरीत येतंच.

## पायरी २: काय टिपता, त्यावरून फिल्टर ठरवा

सिस्टमचा विचार अजून नको. आधी फिल्टर कोणता, ते ठरू द्या.

यूव्ही. डिजिटल सेन्सरपुढे अतिनील किरण अडवणारी काच आधीच बसवलेली असते, त्यामुळे चित्रात यूव्ही फिल्टरने काही सुधारत नाही. तो राखणदार आहे, एवढंच. पेंच-ताडोब्याच्या जिप्सीत मागून धुळीचा लोट येतो तेव्हा राखणदार बरा वाटतो, हे कबूल. पण ६०० मिमीवर स्वस्त काच पुढे आली की वाघाच्या मिशा मऊ होतात आणि दोष लेन्सला दिला जातो. टेलीवर मी हूड (लेन्सपुढची ऊन अडवणारी नळी) लावतो आणि फिल्टर काढून ठेवतो. पोलरायझरही तिथे नको. पहाटेच्या उजेडात दीड-दोन स्टॉप घालवणं परवडत नाही (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). म्हणून ९५ मिमी हिशेबाबाहेर.

रात्रीच्या चित्रांत यूव्ही आवर्जून काढा. काळ्या आकाशापुढे दिव्यांची रांग असेल, तर फिल्टरच्या सपाट काचेतून त्याच दिव्यांची हिरवट भुतं फ्रेमच्या विरुद्ध बाजूला उमटतात.

पोलरायझर, म्हणजे सीपीएल. एकच फिल्टर घ्यायचा असेल तर हा घ्या. पानांवरची, पाण्यावरची, काचेवरची चकाकी तो काढतो, आणि ती नंतर संगणकावर काढता येत नाही. काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागेत एकदा लावून बघा. संत्र्याचं पान मेणचट असतं, उन्हात पांढरं चमकतं. फिल्टर हळूहळू फिरवा, एका ठिकाणी ती पांढरी झाक उतरते आणि आतला गडद हिरवा वर येतो, त्यापुढे फळाचा रंग उठतो. धातूवरच्या चकाकीवर मात्र त्याचं काही चालत नाही.

आकाशाच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात ठेवा. सूर्यापासून ९० अंशांवरचं आकाश सर्वांत गडद होतं, सूर्याच्या बाजूचं आणि बरोबर पाठीमागचं जवळजवळ तसंच राहतं. त्यामुळे रुंद लेन्सवर आकाशाच्या मधोमध निळा पट्टा उमटतो. दीक्षाभूमीचा पांढरा घुमट १६ मिमीने टिपताना हा पट्टा हमखास येतो. २४-३५ मिमीपर्यंत आत या किंवा फिल्टर अर्धाच फिरवा. दुसरी गोष्ट मे महिन्याची. २६ मेच्या आसपास नागपुरात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तेव्हा ९० अंशांचा पट्टा चारही दिशांना क्षितिजावर असतो, म्हणजे कागदावर पोलरायझरची चैनच. प्रत्यक्षात नवतप्यातलं आकाश धुळीने पांढुरकं असतं आणि फिल्टर फारसं काही करत नाही. आकाशासाठी सीपीएल वापरायचा तर पाऊस ओसरल्यावरचे दिवस धरा.

एनडी, म्हणजे न्यूट्रल डेन्सिटी. हा फिल्टर नुसता उजेड कमी करतो. त्याचे आकडे तीन भाषांत लिहिलेले असतात आणि तिथे पैसे बुडतात:

- एनडी ८, म्हणजेच ०.९, म्हणजेच ३ स्टॉप
- एनडी ६४, म्हणजेच १.८, म्हणजेच ६ स्टॉप
- एनडी १०००, म्हणजेच ३.०, म्हणजेच १० स्टॉप

"३.०" वाचून तीन स्टॉपचा समजून घेतलेला फिल्टर घरी आल्यावर काळा ठिक्कर निघतो. वाहत्या पाण्यासाठी, उदाहरणार्थ पावसाळ्यात अंबाझरी तलाव सांडव्यावरून वाहू लागतो तेव्हा, बॅरिकेडच्या अलीकडून ६ स्टॉप पुरतो. भर दुपारी ढग ओढल्यासारखे हवे असतील किंवा तलाव आरशासारखा करायचा असेल तर १० स्टॉप. एकच घेणार असाल तर ६ घ्या. १० स्टॉपवाला हौसेने घेतला जातो आणि वर्षातून चारदा बाहेर निघतो.

सावधान: एनडी १००० लावून सूर्याकडे बघू नका, व्ह्यूफाइंडरमधून तर मुळीच नाही. ग्रहणासाठी वेगळा सोलर फिल्टर लागतो. एनडीमधून डोळ्याला न दिसणारे घातक किरण आत येऊ शकतात.

ग्रॅज्युएटेड, म्हणजे वर गडद आणि खाली पारदर्शक. समुद्रकिनाऱ्यावरच्या लोकांचे सल्ले वाचून आपल्याकडचे लोक हार्ड (गडद भाग एकदम संपणारा) किंवा रिव्हर्स (क्षितिजाजवळ सर्वांत गडद) प्रकार घेतात. नागपूरला समुद्र नाही. फुटाळ्याला पलीकडे झाडी आहे, खिंडसी तलावाला रामटेकच्या टेकड्या. हार्ड फिल्टरची रेघ त्या झाडांच्या शेंड्यांवर आणि टेकडीच्या माथ्यावर काळी पट्टी ओढते. आपल्याला सॉफ्ट, म्हणजे हळूहळू फिका होत जाणारा, लागतो. खरं सांगायचं तर कॅमेरा नवा असेल तर एक चित्र आकाशासाठी, एक जमिनीसाठी घेऊन संगणकावर जोडलं तरी भागतं. ग्रॅज्युएटेड घ्यावा तो जागेवरच काम संपवायची आवड असणाऱ्याने.

व्हेरिएबल एनडी. फिरवून ताकद कमी-जास्त करता येणारा हा एनडी व्हिडिओवाल्यांचा. मे महिन्यातलं लग्न, सकाळी अकराचं ऊन, वरात दारात. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओला शटर १/५० हवा, मागचं धूसर करायला छिद्र एफ २.८ हवं. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला साधारण एफ १६ आणि १/१०० बसतं. एफ १६ वरून २.८ वर येताना ५ स्टॉप उजेड वाढतो, १/१०० वरून १/५० वर आणखी १. म्हणजे ६ स्टॉप कापायचे. बाजारात सर्वांत जास्त खपतो तो एनडी २ ते ३२, म्हणजे १ ते ५ स्टॉपचा. तो इथे एका स्टॉपने अपुरा पडतो. छिद्र एफ ४ करा किंवा जास्त ताकदीचा घ्या. तुमच्या कॅमेऱ्यात लॉग प्रोफाइल (नंतर रंग जुळवण्यासाठी फिका टिपलेला व्हिडिओ) आयएसओ ८०० पासून सुरू होत असेल तर आणखी ३ स्टॉप हवेत. लग्नाचं काम करणाऱ्यांनी हा हिशेब खरेदीआधी करावा. वराती खोळंबत नाहीत.

तपासा: कागदावर आता दोन किंवा फार तर तीन फिल्टरांची नावं असावीत. पाच असतील तर पुन्हा वाचा.

## पायरी ३: सिस्टम निवडा

इथे लोक काच आणि ब्रँड यांची तुलना करत बसतात. मी एकच प्रश्न विचारतो: एका तासात तुम्ही फिल्टर किती वेळा काढता-घालता?

क्वचित, म्हणजे एकदा लावला की तासभर तोच: स्क्रू फिल्टर. आट्यांवर फिरवून बसवायचा गोल फिल्टर. हलका, खिशात मावणारा, लेन्सला चिकटून बसत असल्यामुळे मागून उजेड शिरत नाही. सीताबर्डीवर दुकानात हातात घेऊन तपासता येतो, हाही मोठा फायदा. तोटे दोन. घाईत आटे चुकतात, आणि एकावर एक लावले की रुंद लेन्सचे कोपरे काळे होतात. बागेत, प्रवासात, घरगुती समारंभात सीपीएल वापरणाऱ्याला याहून जास्त काही लागत नाही. माझ्या मते दहातल्या सात-आठ जणांनी इथेच थांबावं.

दर पाच-दहा मिनिटांनी: मॅग्नेटिक. लेन्सवर एक पातळ चुंबकी कडी स्क्रूने बसवून ठेवायची, फिल्टर त्यावर टक् करून चिकटतो. तलावाकाठी उजेड झपाट्याने उतरतो तेव्हा १० स्टॉप काढून ६ लावायला दोन सेकंद. ज्याने आटे जुळवताना कित्येक संध्याकाळी वाया घालवल्या आहेत त्याला याची किंमत कळते. पण तीन गोष्टी आधी माहीत असू द्या. एका कंपनीच्या कडीवर दुसऱ्या कंपनीचा फिल्टर सहसा बसत नाही, म्हणजे तुम्ही त्या घरात लग्न लावून घेताय. कॅमेरा गळ्यात लटकवून गर्दीत शिरलात, कुणाच्या कोपराचा धक्का लागला, की फिल्टर खाली. मारबतीच्या मिरवणुकीत तो परत शोधायला वाकून तर बघा. आणि रस्त्याच्या धुळीतले लोखंडी कण चुंबकाला चिकटून कडीच्या फटीत बसतात. लावण्याआधी प्रत्येक वेळी कडी पुसायची.

ग्रॅज्युएटेड हवाच असेल, किंवा फुगीर काचेची लेन्स असेल: चौकोनी. लेन्सवर कडी, कडीवर होल्डर, होल्डरच्या खाचांत काचेच्या पाट्या सरकवायच्या. गोल ग्रॅज्युएटेड फिल्टरची रेघ कायम मधोमध असते; क्षितिज तुम्हाला वरच्या किंवा खालच्या तिसऱ्या भागात हवं असेल तर काय कराल? चौकोनी पाटी वर-खाली सरकते, यासाठीच तर तिचा हा सगळा बोजा सहन करायचा. ग्रॅज्युएटेड वापरणारच नसाल तर चौकोनी सिस्टम घेण्याचं निम्मं कारण तिथेच संपतं.

मापांचा गोंधळ इथेही आहे. ७५ मिमी ही छोट्या मिररलेससाठी, १०० मिमी सर्वसाधारण, १५० मिमी फुगीर काचेच्या लेन्ससाठी. स्वस्तातली ८४ मिमी रुंदीची पी मापाची प्लास्टिक होल्डरवाली सिस्टम शिकायला ठीक, पण रुंद लेन्सवर होल्डरचे कोपरे चित्रात येतात. एनडीची पाटी १०० बाय १०० ची, ग्रॅज्युएटेड १०० बाय १५० ची, म्हणजे सरकवायला जागा मिळते. रेझिनच्या पाट्या हलक्या असतात पण त्यांवर ओरखडे लवकर येतात आणि धूळ चिकटते. काचेची पाटी खडकावर पडली की विषय संपला.

मागून किंवा आत सरकवायचे फिल्टर फार थोड्यांना लागतात. मोठ्या टेली लेन्सच्या मागच्या बाजूला खाच असते, काही माउंट अडॅप्टरमध्ये फिल्टर आत सरकतो, आणि काही सेन्सरपुढे चिमट्यासारखे बसतात. तुमच्या कॅमेऱ्यासाठीच बनवलेला असेल तरच घ्या.

सावधान: दोन सिस्टम एकाच वेळी सुरू करू नका. "सध्या स्क्रू घेतो, होल्डरही आणून ठेवतो" म्हणणाऱ्याकडे वर्षाने दोन अर्धवट संच असतात.

## पायरी ४: मोठ्या मापात घ्या, कड्यांनी उतरा

पायरी १ मध्ये अधोरेखित केलेला आकडा आता कामाला येतो. फिल्टर त्या मापाचा घ्या आणि लहान तोंडाच्या लेन्सना स्टेप-अप कड्या लावा. ५८ ते ७७, ६७ ते ७७ अशा त्या मिळतात. कडीवर लिहिलेल्या दोन आकड्यांपैकी पहिला लेन्सचा, दुसरा फिल्टरचा. उलटी, म्हणजे ७७ ते ५८ ची कडी आणलीत तर ती स्टेप-डाउन. मोठ्या लेन्सवर छोटा फिल्टर बसेल खरा, पण कोपरे कापले जातील.

एक किंमत मोजावी लागते: कडी लावली की त्या लेन्सचा मूळ हूड बहुधा बसत नाही. मग हाताने नाही तर टोपीने ऊन अडवायचं. तेवढ्यासाठी प्रत्येक लेन्सला वेगळा फिल्टर घेणं परवडत नाही.

तीन-तीन कड्यांची माळ करू नका. प्रत्येक सांध्यावर फिल्टर एक-दोन मिमी पुढे सरकतो आणि रुंद लेन्सवर तेवढंच पुरतं. ४९ वरून थेट ७७ ची एकच कडी घ्या.

तपासा: लेन्स सर्वांत रुंद करा, फिल्टर आणि कडी लावा, पांढऱ्या भिंतीकडे रोखून एकदा पूर्ण उघड्या छिद्राने आणि एकदा एफ ११ ने चित्र घ्या. दुसऱ्यात कोपरे स्पष्ट काळे कापलेले दिसले तर अडथळा कडीचा आहे. पहिल्यात नुसते मंद असतील तर ते लेन्सचं आपलं आहे.

## पायरी ५: पैसे देण्याआधी तपासणी

पोलरायझर तपासायला दुकानदाराचा कॅल्क्युलेटर मागा. साधा, राखाडी पडद्याचा, बिलं करायचा असतो तोच. फिल्टर असा धरा की लेन्सवर बसणारे आटे तुमच्या डोळ्याकडे आणि पुढची बाजू कॅल्क्युलेटरकडे. आता फिरवा. एका ठिकाणी पडदा आकड्यांसकट काळा झाला पाहिजे. मग फिल्टर उलटा करून तेच करा. या वेळी पडदा पूर्ण काळा होत नाही, रंगाची छटा तेवढी बदलते. दोन्ही बाजूंनी काळा झाला तर तो सर्क्युलर नसून लिनिअर पोलरायझर आहे. डीएसएलआरच्या ऑटोफोकसला आणि उजेडाच्या मापनाला तो चकवू शकतो. एकाही बाजूने काळा झाला नाही तर ती नुसती रंगीत काच समजा आणि नमस्कार करून बाहेर या.

काच आणि थर बघायला डोक्यावरची ट्यूबलाइट पुरते. फिल्टर आडवा धरून तिचं प्रतिबिंब बघा. चांगल्या कोटिंगवर ते मंद, हिरवट किंवा जांभळट दिसतं. साध्या काचेवर ती ट्यूबलाइट पांढरीशुभ्र, जशीच्या तशी. फिल्टर जरासा हलवताना प्रतिबिंबाची सरळ रेघ लाटेसारखी वाकली तर काच सपाट नाही. टेलीसाठी तो घेऊच नका.

एनडीचा रंग तपासायला पांढरा कागद लागतो. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता सूर्यप्रकाशावर स्थिर करा, एक चित्र फिल्टरशिवाय, एक फिल्टरसह. कागद निळसर किंवा तपकिरी झाला तर कळलंच. थोडी झाक नंतर सुधारता येते, पण कडेला वेगळी आणि मधे वेगळी झाक असेल तर तो परत करा. व्हेरिएबल एनडी रुंद लेन्सवर पूर्ण ताकदीला फिरवून आकाशाकडे रोखा. काळी फुली उमटली तर ती कुठल्या खुणेपासून सुरू होते ते बघून ठेवा. त्याच्या अलीकडची ताकद तेवढीच तुमची.

आट्यांची कडी पितळी असेल तर उत्तम. ॲल्युमिनिअमपेक्षा ती कमी अडकते.

## पायरी ६: जागेवर लावायचा क्रम

चुका सर्वांत जास्त इथे होतात. कारण एकच, लोक फिल्टर आधी लावतात आणि मग काळोखातून फोकस शोधत बसतात.

१. ट्रायपॉड रोवा, फिल्टरशिवाय चौकट जुळवा.

२. फोकस करा आणि लगेच मॅन्युअलवर टाका. हे विसरलात तर एनडी लावल्यावर शटर दाबताच लेन्स घरघर करत फोकस सोडून जाईल.

३. फिल्टरशिवाय बरोबर एक्सपोजर घ्या, शटरचा आकडा लिहून ठेवा. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करा.

४. पोलरायझर असेल तर तो लावून फिरवा. स्क्रूमध्ये तो सर्वांत बाहेर, कारण तो फिरवता आला पाहिजे. चौकोनी होल्डरमध्ये बहुधा तो होल्डरच्या मागच्या कडीत बसतो. व्हेरिएबल एनडीवर पोलरायझर लावू नका. व्हेरिएबल हा मुळात दोन पोलरायझरांचा जोड असतो, तिसऱ्याने नुसता गोंधळ होतो.

५. ग्रॅज्युएटेड पाटी बाहेरच्या खाचेत सरकवून रेघ जुळवा.

६. जड एनडीची पाटी सर्वांत शेवटी, लेन्सला सर्वांत जवळच्या खाचेत, कडेला फोम चिकटवलेली बाजू लेन्सकडे. फोम बाहेर ठेवला तर फटीतून उजेड शिरून चित्रावर धुरकट पट्टे येतात.

७. डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडर झाका. संध्याकाळी पाठीमागचे चाट-भुट्ट्याच्या गाड्यांवरचे दिवे तिथून आत शिरतात. रुमाल टाकला तरी चालतो.

८. आता हिशेब. फिल्टरशिवाय शटर १/१५ होता असं धरा. ६ स्टॉप म्हणजे ६४ पट, म्हणजे सुमारे ४ सेकंद. १० स्टॉप म्हणजे सुमारे हजार पट, ६८ सेकंद. बहुतेक कॅमेरे ३० सेकंदांवर थांबतात, पुढे बल्ब मोड (शटर हवा तेवढा वेळ उघडा ठेवणारा) आणि रिमोट. सूर्य मावळत असेल तर ६८ ऐवजी ९० धरा, कारण उघड्या शटरच्या काळातही उजेड उतरत असतो.

तपासा: पहिल्या चित्रानंतर पडद्यावरचं चित्र बघू नका, हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघा. अंधारात पडदा नेहमीच उजळ भासतो.

## पायरी ७: अडकला तर, आणि उन्हाळ्यात

अडकलेला फिल्टर बोटांनी दोन बाजूंनी दाबला की कडी लंबगोल होते आणि आणखी घट्ट धरते. फुटाळ्यावरच्या त्या मुलाचं हेच चाललं होतं. शेवटी त्याची रबरी चप्पल कामी आली. चपलेचा तळवा पुसून घेतला, लेन्स तोंड वर करून मांडीत धरली, तळवा फिल्टरच्या पूर्ण कडीवर सारखा टेकवला आणि फार न दाबता डावीकडे फिरवला. दुसऱ्या झटक्यात सुटला. हे करताना तळवा फक्त कडीला लागला पाहिजे, काचेला नाही. चप्पल नसेल तर कडीभोवती रुंद रबर बँड गुंडाळा. फिल्टर पाना दोनच्या जोडीत मिळतो, बॅगेत टाकून ठेवावा. पक्कड कधीच नाही.

मुळात अडकू नये म्हणून लावताना आधी फिल्टर उलटा, डावीकडे फिरवा. आटे जुळले की बारीकसा टक् जाणवतो, तिथून उजवीकडे. टेकला की थांबा, आवळू नका.

नागपूरचा मे वेगळा सांगायला नको. पारा ४५ च्या पुढे असताना बंद गाडीत फिल्टरची पिशवी ठेवू नका. पोलरायझर म्हणजे दोन काचांमध्ये चिकटवलेली फिल्म. सततच्या तापाने ते चिकटकाम सुटतं आणि कडेने बुडबुडे दिसू लागतात. रेझिनची पाटी वाकते. धूळ बसलेला फिल्टर आधी ब्लोअरने फुंकून मगच मायक्रोफायबरने पुसा. शर्टाच्या टोकाने पुसलेल्या धुळीतला एक वाळूचा कण कोटिंगवर आयुष्यभराची रेघ ओढतो. पावसाळ्यात अंबाझरीहून परत आलात की फिल्टर लेन्सवरून उतरवा, दोन्ही वेगवेगळे पंख्याखाली वाळू द्या, मगच सिलिका जेलच्या पुडीसह बॅगेत घाला. दोन काचांमध्ये अडकलेली दमट हवा बुरशीला फार आवडते.